बावीस इंची की सव्वीस?

ठाण्यात बाळकुमच्या एका फर्निचरवाल्याच्या शेडबाहेर विलायती शिरीषाचा ओंडका पडलेला होता. कुठल्याशा सोसायटीत पावसात आडवं झालेलं झाड, त्याचाच बुंधा. शेडच्या मालकाने मोबाइलवर लाकूड चिरायच्या दोन मिलचे फोटो उघडले आणि शेजारच्या फॅब्रिकेटरला विचारलं, "बावीस इंची घेऊ की सव्वीस?" फॅब्रिकेटर म्हणाला, "पैसे असतील तर मोठीच घ्या की, शेठ." विषय तिथेच मिटला. दोघांच्या पाठीमागे तो ओंडका होता. खाली तीन फूट रुंद, वर जेमतेम दोन, मधोमध फांदीचा खुंट, आणि एका बाजूला झाडाने वाढता वाढता गिळलेली ट्री-गार्डची लोखंडी जाळी. त्याच्याकडे मान वळवून कुणी पाहिलं नाही, आणि नेमकं तेच माझ्या मनातून जाईना. छोटी, हाताने ढकलायची बँड सॉ मिल (पट्ट्यासारख्या फिरत्या ब्लेडने ओंडका चिरणारं यंत्र) घेणारे बहुतेक जण याच प्रश्नाने सुरुवात करतात. इंचाचा आकडा ब्रोशरवर सगळ्यात मोठ्या अक्षरात छापलेला असतो म्हणून असेल कदाचित.

तो आकडा खोटा नसतो, पण अर्धा असतो. सव्वीस इंची मिल म्हणजे सव्वीस इंच व्यासाचा गोल ओंडका तिच्या पोटातून जातो. त्यातून निघणारी सगळ्यात रुंद फळी मात्र बावीस इंचांची. वुडलँड मिल्स या कंपनीच्या एचएम १२६ या मॉडेलचे आकडे हेच आहेत आणि याच वर्गातल्या इतर मिलही फार वेगळ्या नाहीत. तिसरा आकडा कुणी मोठ्याने सांगत नाही. ब्लेड आणि त्याच्या वरचा आडवा पाइप यांच्यामध्ये जागा किती? तिथे दहा इंच असतील, तर पहिल्या कटाला त्याहून जाड थर वरून काढता येत नाही. वाकड्या ओंडक्याची पाठ त्या पाइपला अडते आणि मिल अर्ध्यात थांबते. मग ओंडका फिरवा, खुंट चेनसॉने तासा, पुन्हा ढकला. गोल ओंडका चित्रात असतो. ठाण्यात तो क्वचितच दिसतो.

रस्त्याकडेच्या झाडाचा बुंधा आखूड, जाड आणि पिळलेला असतो. एका बाजूची मुळं गटारासाठी तोडलेली, दुसऱ्या बाजूला पेव्हर ब्लॉक, वर विजेच्या तारांसाठी दर वर्षी छाटणी. पोखरण रोड, नौपाडा किंवा पलीकडे नेरूळ-बेलापूरच्या जुन्या सेक्टरांत पडलेल्या मोठ्या शिरीषातून सरळ लांबी मिळते सात-आठ फूट. क्वचित दहा. म्हणून मिलचं डोकं ज्यांवर सरकतं त्या रुळांची लांबी वाढवणाऱ्या जादा तुकड्यावर इथे पैसे घालायचं फारसं कारण नाही. शेताच्या बांधावरचा सुरू किंवा निलगिरी चिरायची असेल तर गोष्ट वेगळी, तिथे लांबी हवी आणि रुंदी बारा-चौदा इंच पुरते. शहरातल्या झाडाचं उलटं आहे. बुंधा तीन-साडेतीन फुटांचा, म्हणजे बावीसच्याही पलीकडे आणि सव्वीसच्याही. असा ओंडका आधी चेनसॉने उभा दोन फाकांत, नाहीतर चार फाकांत फोडावा लागतो. पाचर ठोकत, खडूची रेष मारून, घाई न करता. एकदा फोडायचंच ठरलं की बावीस आणि सव्वीसमधला फरक बराचसा विरतो. चार फाकांतून निघणाऱ्या फळ्यांमध्ये उभ्या रेषेचं लाकूड जास्त येतं आणि ते वाळताना कमी वाकतं, हा वर फायदा.

अखंड रुंद स्लॅबचं टेबल हवं असेल तर मात्र ही मिल मुळातच चुकीची वस्तू. त्यासाठी मोठ्या चेनसॉवर बसवायची ॲल्युमिनियमची चौकट मिळते, तीस-छत्तीस इंच बारची (बार म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते ती पट्टी). वजन उचलण्याजोगं, झाड पडलं तिथे नेता येते. वर्षात चार-पाच ओंडके हाती येणार असतील तर माझ्या मते तेवढंच घ्यावं आणि मिलचा विचार सोडावा. मिलची ओढ वाटते ती कटात जाणाऱ्या लाकडामुळे. चेनसॉ एका कटात आठ-नऊ मिलिमीटर लाकूड भुसा करते, बँड सॉ दोनच्या आसपास. ४०० मिमी उंचीचा चौकोनी ठोकळा घेतला आणि २५ मिमीच्या फळ्या काढल्या, तर बँड सॉवर चौदा निघतात आणि वर एक पातळ पट्टी उरते. चेनसॉवर जेमतेम बारा. फणसासारख्या लाकडात त्या दोन फळ्यांची किंमत सुताराला कळते. (ओलं लाकूड चिरताना पंचवीसची फळी २८-२९ मिमीची काढायची असते. आक्रसणं आणि रंधा यांचं धरून. पहिला ओंडका चिरणारे हे हमखास विसरतात.)

मग पाहायचं काय? आधी चौकट.

मिलचं डोकं म्हणजे दोन चाकं, ब्लेड, इंजिन आणि ते सगळं वरखाली करणारे खांब. काही मिलमध्ये हे डोकं एकाच बाजूच्या रुळावर उभं असतं आणि ओंडक्यावर हातासारखं पुढे आलेलं असतं. दुसऱ्या बाजूने ओंडका लोळवत आणायला मोकळी जागा मिळते, ही त्याची सोय. खोट अशी की पोलाद हलकं वापरलं असेल तर टोक झुकतं आणि फळीची एक कड दुसरीपेक्षा दोन मिलिमीटर जाड येते. चार खांबांचं, दोन्ही रुळांवर चालणारं डोकं असं झुकत नाही, पण ओंडका रुळावरून चढवावा लागतो आणि रूळ ठेचला जातो. हाताने ढकलायच्या छोट्या मिलमध्ये मला चार खांबच बरे वाटतात. विक्रेत्याकडे गेल्यावर इंजिन सुरू करून दाखवा असं म्हणण्याआधी डोक्याच्या मोकळ्या बाजूला हात घालून ते वर उचलून पाहावं. ब्लेड किती हललं ते डोळ्यांनी दिसतं. मग ब्लेडपासून खालच्या आडव्या पट्टीपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजावं, मोजताना टेप दात्यावर न टेकवता ब्लेडच्या सपाट भागाला. अर्ध्या मिलिमीटरच्या आत फरक असेल तर ठीक. नंतर हँडल फिरवून डोकं दोन इंच वर न्यावं, पुन्हा त्याच खुणेवर आणावं आणि परत मोजावं. आकडा बदलला तर डोकं वरखाली करणाऱ्या स्क्रूच्या आट्यांमध्ये ढिलाई आहे किंवा वायर-रोप ताणली जातेय. थोडी ढिलाई सगळ्याच मिलमध्ये असते. तिच्यावर उपाय म्हणजे खुणेवर नेहमी एकाच दिशेने यायचं. खुणेच्या खाली गेलं तर तिथूनच वर ओढून खूण साधायची नाही, बरंच वर जाऊन पुन्हा खाली यायचं.

खालचा पलंग हा त्याहून दुर्लक्षित भाग. ओंडका ज्या आडव्या पट्ट्यांवर बसतो त्या दोन-अडीच फुटांवर असाव्यात. चार फुटांवर असतील तर पातळ होत आलेला ठोकळा मध्ये खाली बसतो आणि शेवटच्या तीन फळ्या धनुष्यासारख्या निघतात. लोक दोष ब्लेडला देतात. पलंगाची पातळी बघायला स्पिरिट लेव्हल पुरत नाही. पहिल्या आणि शेवटच्या पट्टीवर सारख्या जाडीचे दोन ठोकळे ठेवायचे, त्यांवरून नायलॉनची दोरी ताणायची आणि मधल्या प्रत्येक पट्टीपाशी तिसरा तसाच ठोकळा सरकवून बघायचा. एक मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको. ठाण्यात ही तपासणी पुन्हापुन्हा करावी लागते. खाडीकडच्या कोलशेत-बाळकुम पट्ट्यात किंवा नवी मुंबईच्या बहुतेक भूखंडांवर जमीन भरावाची आहे. पहिल्या दोन जोरदार सरींनंतर एखादा पाय रुततो. किमान सहा इंच काँक्रीटची पट्टी किंवा जुने रेल्वे स्लीपर पायाखाली हवेत. आट्यांचे, वरखाली होणारे पाय असलेली मिल इथे सोयीची.

आता ब्लेड. खरं तर मिल ठरवण्याआधी ब्लेड ठरवावं असं मला वाटतं, कारण मिल एकदाच घेतली जाते आणि ब्लेडशी गाठ दर दोन तासांनी पडते. छोट्या मिलचं ब्लेड साधारण सव्वा इंच, म्हणजे ३२ मिमी रुंद, एक मिलिमीटरहून किंचित जाड आणि दात्यापासून दात्यापर्यंत २२ मिमी. फरक लांबीत असतो. बऱ्याच मिलना १४४ इंचांचं लागतं. १९८२ साली अमेरिकेत सुरू झालेल्या वुड-मायझर कंपनीच्या अनेक मिलना १५८ इंचांचं. कुठल्यातरी विचित्र लांबीची स्वस्त मिल घेतली की प्रत्येक ब्लेड खास जोडून घ्यावं लागतं, आणि जोड कच्चा असेल तर ते तिथेच तुटतं. आपल्याकडच्या वखारीतल्या आरायंत्राचं ब्लेड चार-पाच इंच रुंद असतं, त्याला हातोड्याने ताण देणारा आणि धार लावणारा कारागीर वखारीतच बसलेला असतो. तो माणूस हुशार असतो, पण त्याचं धारेचं चाक या छोट्या ब्लेडच्या दात्यांमधल्या खाचेत बसत नाही. या ब्लेडला धार लावायची म्हणजे दात्याचं टोक घासून भागत नाही, दात्यामागून खाचेच्या तळापर्यंत सगळी वळणरेषा दगडाने फिरून यावी लागते. नुसतं टोक घासलं तर खाचेत बारीक चिरा राहतात आणि तीन-चार तासांनी ब्लेड फटकन तुटतं. म्हणून मिलच्या किमतीत धार लावायचं छोटं मशीन आणि दात्यांची फाक, म्हणजे दाते दोन्ही बाजूंना किती वाकवलेत ते, मोजायचं डायल गेज आधीच धरावं. नाहीतर कुरियरने ब्लेड पाठवत आणि वाट बघत बसावं लागतं, आणि एका वेळी आठ-दहा ब्लेड जवळ नसतील तर तेवढे दिवस मिल झाकून ठेवावी लागते.

छोट्या मिलचं चाक एकोणीस इंचांच्या आसपास असतं. एवढ्या लहान चाकावर एक मिलिमीटरचं पोलाद प्रत्येक फेरीत दोनदा वाकतं आणि सरळ होतं. ते आज ना उद्या थकणार हे धरूनच चालायचं. संध्याकाळी ताण सैल करायचा, कारण गरम ब्लेड रात्री आक्रसून ताण आणखी वाढवतं आणि चाकांवरच्या रबराला खोलगट ठसे पडतात. हे रबर म्हणजे बऱ्याच मिलमध्ये साधा व्ही-बेल्ट असतो. त्याचा नंबर आणि चाकांच्या बेअरिंगचा नंबर विक्रेत्याकडून लिहून घ्यावा. मुंबईच्या हार्डवेअर बाजारात, नागदेवी स्ट्रीटवर, तो नंबर मिळत असेल तर मिल दहा वर्षं चालेल. "आमच्याकडेच मिळतं" असं उत्तर आलं तर मी जरा थबकेन.

चांगला कट कसा ओळखायचा, हे कुठल्याही ब्रोशरपेक्षा फळीवरचा भुसा जास्त सांगतो. फळी उचलली आणि भुसा गरम, घट्ट थापलेला निघाला, तर दात्यांची फाक कमी आहे. कटात ब्लेड स्वतःच घासतंय. भुसा सैल आणि फळीवर दात्यांचे ओरखडे, तर फाक जास्त. फाक साधारण अर्धा मिलिमीटर प्रत्येक बाजूला, मऊ ओल्या लाकडाला थोडी अधिक, कडक सुक्याला थोडी कमी. डाव्या-उजव्या दात्यांची फाक सारखी नसेल तर ब्लेड एकाच दिशेने चढत जातं. फळीवर लाटा आल्या तर संशय या क्रमाने घ्यावा: धार गेलीय, ताण कमी आहे, ब्लेडला आधार देणारा सरकता गाइड ओंडक्यापासून लांब राहिलाय, ढकलण्याची घाई झालीय. गाइड ओंडक्याच्या कडेपासून इंचभरावर आणून ठेवायचा, रुंदी बदलली की तोही हलवायचा. मोकळं ब्लेड जितकं लांब, तितकं ते भरकटतं. गाठीपाशी ब्लेड वर उडी मारून पुन्हा खाली येत असेल, तर दात्याचा पुढे झुकलेला कोन त्या लाकडाला जास्त आहे. दहा अंशांचं ब्लेड ओल्या आंब्यात मजेत चालतं. जांभूळ, सुरू किंवा उभं वाळलेलं लाकूड असेल तर सात, फारच कडक असेल तर चार. पिठ्या ढेकणाने वाळलेले शिरीष या भागात बरेच निघतात, ते या दुसऱ्या गटातले. फणस, वड, पिंपळ यांचा चीक ब्लेडवर बसतो आणि ते तापतं. पाण्याच्या टाकीत भांडी घासायच्या लिक्विडचे काही थेंब टाकले की बहुतेक वेळा भागतं. पाणी थेंबथेंब पडावं, धार लावली तर भुसा ओला होऊन चाकांवर थापला जातो.

हाताने ढकलायच्या मिलची गंमत इथेच आहे. मोटारीने पुढे जाणारं डोकं गाठ आली तरी त्याच वेगाने जातं. हाताला ती आधी कळते. दांड्यातून येणारा थरथराट बदलतो, इंजिनाचा आवाज जड होतो आणि माणूस नकळत वेग कमी करतो. कापता कापता लाकडाचा रंग उघडत जातो. फणसाचा तो हळदीसारखा पिवळा, शिरीषाचा चॉकलेटी गाभा आणि त्याभोवती पांढुरक्या लाकडाची कड. रस्त्यावरच्या धुराने काळवंडलेल्या सालीच्या आत हे होतं, याचं दर वेळी नवल वाटतं.

लोखंडाचं मात्र नवल वाटत नाही. शहरातल्या झाडात ते असतंच. क्लासच्या जाहिरातींचे खिळे, केबलवाल्यांचे हूक, तारेचं कुंपण, ट्री-गार्ड, सणासुदीच्या दिव्यांच्या माळांसाठी मारलेले यू-खिळे. माणसाच्या उंचीपर्यंतचा भाग सगळ्यात वाईट, आणि बुंध्याचं सगळ्यात चांगलं लाकूडही तिथेच. एक तीन इंची खिळा लागला की एका बाजूच्या सगळ्या दात्यांची फाक जाते, आणि पुढची प्रत्येक फळी तिरकी येते. हातात धरायचा मेटल डिटेक्टर घ्यावा, पण तो इंच-दोन इंचांपलीकडे नीट बोलत नाही. म्हणून प्रत्येक कटानंतर उघड्या पृष्ठावर पुन्हा फिरवावा. ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर निळसर-काळी रेघ किंवा डाग दिसला तर आत कुठेतरी लोखंड गंजतंय असं समजावं. लाकडातलं टॅनिन आणि लोखंड मिळून तो रंग येतो. साल काढून किंवा निदान प्रेशर पंपाने धुऊनच ओंडका पलंगावर चढवावा. सालीत अडकलेली वाळू आणि खडी ब्लेडची धार काही मिनिटांत घालवते. नारळाचं खोड यात मोडत नाही, पण त्याची बाहेरची कडक बाजू ब्लेडला खिळ्याइतकीच महागात पडते. बरेच जण एक नारळ चिरून पुन्हा नाव घेत नाहीत.

इंजिन की मोटार, याचं उत्तर ठाण्यात शेजारी देतात. सात हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन पंधरा-सोळा इंच रुंदीपर्यंत ठीक. बावीस इंच कडक लाकूड ओढायला चौदाच्या आसपास हवेत, नाहीतर ब्लेड मंदावतं, मंदावलं की भरकटतं. चौदा हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण भाराखाली भरपूर पेट्रोल पितं आणि चालवणाऱ्याच्या कानापाशी शंभर डेसिबलच्या जवळ आवाज करतं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, औद्योगिक भागासाठी ७५. घोडबंदर रोडच्या टॉवरखाली हे इंजिन एक सकाळही टिकणार नाही. वागळे इस्टेट, रबाळे किंवा तळोज्याच्या गाळ्यात थ्री-फेज जोडणी असेल तर साडेसात हॉर्सपॉवरची मोटार निवडावी. धूर नाही, पत्र्याच्या शेडमध्ये घुमणारा आवाज बराच कमी, आणि मोटार जोर एकसारखा देते. सिंगल-फेजवर एवढी मोटार चालवायचा नाद करू नये.

ओंडका पलंगावर चढवायचा कसा, हे मिल आल्यानंतर सुचतं. ६० सेंटिमीटर व्यासाचा, तीन मीटर लांबीचा ओंडका म्हणजे ०.८५ घनमीटर, तीस घनफूट. ओला आंबा घनमीटरला टनाच्या जवळ भरतो, म्हणजे हे धूड आठशे किलोंच्या घरात. (वखारीत घेराच्या चौथाईचा वर्ग करून मोजतील तेव्हा हाच ओंडका साडेतेवीस घनफूट भरेल. विकत घेताना हा फरक आपल्या बाजूचा.) छोटा हत्ती साधारण पाऊण टन वाहतो, त्यामुळे तो एवढं वजन नेत नाही, न्यायला लावूही नये. मिल मात्र त्यात मावते, फक्त रुळांचे तुकडे सात फुटांच्या आतले हवेत. पण मिल ओंडक्यापाशी न्यायची तर प्रत्येक ठिकाणी जोडणं, पातळी साधणं, डोकं समांतर करणं यात अर्धा दिवस जातो. एका ओंडक्यासाठी ते परवडत नाही. ओंडकाच क्रेनच्या गाडीने आणावा, मिल एका जागी पक्की असावी, असं माझं मत आहे. पोर्टेबल हा शब्द शहरात फार गंभीरपणे घ्यायचा नाही. चढवायला दोन लोखंडी उतरंडी, हाताची विंच आणि ओंडका फिरवायचा आकडी दांडा एवढं असलं की दोन माणसं पुरतात. विंच नसेल तर चार माणसं लागतात आणि त्यांतल्या एकाचा पाय धोक्यात असतो.

चाकं लावलेली असो वा उचलून नेता येणारी, यंत्रशक्तीवर गोल ओंडके चिरणारी जागा कायद्याच्या नजरेत सॉ मिल ठरू शकते, हे विक्रेते सांगत नाहीत. जंगलतोडीवरच्या गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये विनापरवाना सॉ मिल बंद करायला सांगितल्या. पुढे २०१६ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी परवान्यांचं काम राज्यस्तरीय समित्यांकडे दिलं. म्हणून पैसे देण्याआधी उपवनसंरक्षकांच्या ठाण्यातल्या कार्यालयात लेखी विचारावं. काय चिरणार, किती हॉर्सपॉवर, कुठे, विक्रीसाठी की स्वतःच्या कामासाठी. झाडाचं वेगळं: शहरी भागात १९७५ च्या कायद्याखाली महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि त्या परवानगीचा कागद ओंडक्याबरोबर जपून ठेवावा लागतो. सागासारखं लाकूड असेल तर वाहतूक पास. येऊरच्या जंगलाच्या पायथ्याशी सागाचा ओंडका बिनकागदाचा दिसला तर पुढे काय होतं ते सांगायला नको.

कागदांचा हा त्रास मला पूर्णपणे नकोसा वाटत नाही. मिल घेतलेल्या माणसाची नजर बदलते. उभ्या झाडाकडे बघताना त्याला सावली दिसायची तिथे रुंदी दिसू लागते, बुंध्याची सरळ लांबी, गाठी कुठे आहेत, आत पोकळ असेल का. पडलेलं लाकूड वाया जाऊ नये म्हणून घेतलेल्या यंत्राला दर महिन्याला खाद्य लागतं आणि वाऱ्याने झाडं तितक्या नेमाने पडत नाहीत. मग सोसायटीच्या सेक्रेटरीला "ते झाड धोकादायकच दिसतंय" असं सांगणारा पहिला माणूस मिलवालाच निघतो. हे होऊ नये म्हणून मिल लहान असावी, तिचा हप्ता डोक्यावर नसावा. दोघा-तिघांत मिळून घेतली तर आणखी बरं.

झाडं पडतात जून-जुलैत, आणि चिरायला त्याहून वाईट महिने नाहीत. तरी थांबता येत नाही. आंब्याच्या ओंडक्यावर पंधरवड्यात निळसर बुरशी चढते, मागोमाग भुंगेरे. म्हणून चिरायचं लगेच, ताडपत्रीखाली. ओंडका चिरेपर्यंत त्याच्या दोन्ही तोंडांना मेण किंवा जुना ऑइल पेंट फासावा. फळ्या निघाल्या की बोरॅक्स दीड भाग आणि बोरिक ॲसिड एक भाग यांच्या पाच-सहा टक्क्यांच्या द्रावणात बुडवून काढाव्यात, आंबा आणि शिरीषाच्या पांढऱ्या भागाला तर नक्कीच. गुलमोहोरावर मेहनत करू नये. मऊ, पटकन कुजणारा, खोके करायच्या लायकीचा. सुरू चिरताना छान दिसतो आणि वाळताना पिळतो, फाटतो. जांभूळ पाण्याला टिकतं पण तडे फार जातात, हळू वाळवावं लागतं. फणस या सगळ्यांत समजूतदार.

फळ्यांमध्ये इंच-इंच चौकोनी सुक्या पट्ट्या, दीड-दोन फुटांवर, एकाखाली एक बरोबर उभ्या रेषेत. वर वजन. बाजूंनी वारा, वरून पाणी नाही. जुलैच्या हवेत लाकूड अठरा टक्क्यांखाली उतरतच नाही, कितीही दिवस ठेवा. ऑक्टोबरनंतर ते खरं वाळू लागतं आणि इंची आंबा मार्च-एप्रिलपर्यंत बारा टक्क्यांजवळ येतो. मॉइश्चर मीटर फळीच्या मध्यात टोचून बघावं, टोकाला नाही. एसी लावलेल्या फ्लॅटमध्ये जाणारं टेबल असेल तर त्याहूनही खाली न्यावं लागतं, नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात सांधे उघडतात.

या सगळ्याला जागा लागते आणि ठाण्यात हिशोब तिथेच अडतो. चौदा फुटी रूळ, दोन्ही टोकांना माणूस फिरायला चार-चार फूट, ओंडका लोळवायला एका बाजूला आठ फूट: मिलची स्वतःची रुंदी धरून बावीस बाय सोळा, साडेतीनशे चौरस फूट नुसत्या मिलला. त्या तीस घनफुटी ओंडक्यातून निम्म्याहून थोड्या अधिक फळ्या निघतात, इंची धरल्या तर दोनशे चौरस फुटांच्या आसपास. चार बाय दहाच्या थप्पीत त्यांचे पाच थर. पाच फूट उंचीपर्यंत रचली तर एका थप्पीत असे सहा ओंडके मावतात, आणि ती थप्पी ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत हलत नाही. मिल महिन्यातून दोन दिवस चालते, गाळ्याचं भाडं तीसही दिवस. वागळे इस्टेटमधला दर चौरस फुटाला काय चाललाय ते विचारून, त्याला थप्पी पडून राहण्याच्या सहा महिन्यांनी गुणून, मग फळीची किंमत ठरवावी. बऱ्याच जणांना त्या गुणाकारानंतर उरणमध्ये किंवा शहापूर-मुरबाडकडे नातेवाइकांच्या अंगणात जागा आठवते. तिथे मिल नेली तर रुळांचा जादा तुकडाही उपयोगी पडतो, कारण तिकडची झाडं सरळ असतात.